चित्राला नट मानायचं

(कुडाळमध्ये झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सध्या माझ्या हातात दोन कामं आहेत. एक म्हणजे दशावताराच्या साथीदारांचं ध्वनिमुद्रण. पायपेटी, मृदंग, झांज; गाणं अगदी मोजकं. दुसरं, एका मराठी चित्रपटाचं पार्श्वसंगीत. चित्रपट अजून यायचाय, त्यामुळे नाव सांगत नाही. वादक दोन्हीकडे तेच. मुंबईतले मित्र विचारतात, दशावतारातली माणसं चित्रपटाला कशाला? मला हा प्रश्नच उलटा वाटतो. जी माणसं रात्र रात्र बोलत्या नटाला साथ करतात, त्यांना पार्श्वसंगीत मी काय शिकवणार?

तुम्ही दशावतार लहानपणापासून बघताय. आता जरा नुसता ऐकून बघा. संहिता लिहिलेली नसते. कथा ठरलेली, संवाद नट उभ्या उभ्या रचतो. राजा रागावला तर किती वेळ रागावणार, हे राजालाही माहीत नसतं. पेटीवाले बुवा त्याच्या तोंडाकडे बघत सूर धरून बसतात. वाक्य संपत आलंय हे मृदंगवाल्याला नटाच्या श्वासावरून कळतं आणि थाप नेमकी तिथे पडते. युद्धाचा दणका तर सगळा मृदंग आणि झांजेतूनच येतो. संवादाखालचं संगीत, हालचालीवरचा ठोका, मारामारीचे आवाज ही चित्रपटात तीन वेगवेगळ्या माणसांची कामं असतात. इथे दोघे-तिघे बसल्या जागी उरकतात, तेही पहाटेपर्यंत.

चित्रपटाची रीत वेगळी. आधी दिग्दर्शकाबरोबर ‘स्पॉटिंग’ला बसायचं. संगीत कुठे सुरू, कुठे बंद हे ठरवायचं. माझं निम्मं भांडण ‘बंद’साठी असतं. संकलन पक्कं झालं, ‘लॉक’ झालं, की सेकंदाला २४ फ्रेम या हिशेबाने एकेक तुकडा मोजायचा. त्याला आम्ही क्यू म्हणतो. मग वादकाच्या कानाला हेडफोन आणि त्यात क्लिक, म्हणजे लय मोजणारी टिकटिक. आमच्या मृदंगवाल्या काकांनी थोडा वेळ ते सहन केलं, मग हेडफोन काढून ठेवला. म्हणाले, “आधी ती टिकटिक बंद कर. माका मानसाचा तोंड दाखय, मगे वाजयतंय.”

क्लिक बंद केली. भिंतीवर मोठा पडदा लावला, कानात फक्त संवाद ठेवले. प्रसंग आधी नुसता बघायचा, मग वाजवायचं. पडद्यावरच्या बाईला नट मानायचं. ठोके फ्रेमवर बसले का? सगळे नाही. पण गंमत बघा, थाप दोन-तीन फ्रेम मागे पडली तर खटकत नाही, पुढे पडली तर लगेच खटकते. प्रकाशापेक्षा आवाज सावकाश येतो. लांबचा लाकूडतोड्या आधी दिसतो, घाव मागून ऐकू येतो. उशिराच्या आवाजाची आपल्याला सवय आहे. आणि दशावतारातला मृदंगवाला नटाच्या मागेच असतो, कधी पुढे धावत नाही.

अडचण एकच, पण मोठी. पेटी रंगली की रंगमंचावरचा नट थांबतो, संवाद लांबवतो. चित्र थांबत नाही. एका प्रसंगात म्हातारी पडवीत नुसती बसलीय. बुवांनी तिच्यासाठी पेटीवर मध्यम, म्हणजे ‘म’ हा सूर धरला, तो शॉट संपला तरी सोडला नाही. दिग्दर्शक शेजारीच होता. त्याने संकलकाला फोन करून शॉट लांबवायला लावला. लॉक झालेलं चित्र पेटीसाठी उघडणं हे माझ्या कामात क्वचित घडतं, आणि निर्मात्याला ते आवडत नाही. त्याचंही बरोबर आहे, पुढचे सगळे क्यू सरकतात. क्लिकवर वाजवलेलं सहज कापता-जोडता येतं; आमचं पुन्हा वाजवावं लागतं.

सुराचाही प्रश्न होता. जुनी पायपेटी ४४० च्या, म्हणजे आजच्या वाद्यांच्या ठरलेल्या सुराच्या मापात नाही आणि ऐन वेळी तिचा सूर बदलता येत नाही, पट्ट्या धातूच्या. व्हायोलिन आणि चेलो मुंबईत मुद्रित व्हायचे होते. मी पेटीचा सूर मोजून तिकडे पाठवला आणि सांगितलं, तुमच्या तारा याला लावा. थोडी कुरकुर झाली. होऊ दे.

वेळेचं गणित मात्र कोकणच्या हवेचं. कार्तिकापासून जत्रा, दहीकाले. वादक रात्री नाटकात, दिवसा झोपेत. त्यांना सवड मिळते तेव्हा पाऊस सुरू. कौलांवर पाऊस वाजायला लागला की मुद्रण विसरा. शिवाय दमट हवेत मृदंगाचं चामडं सैल पडतं, कंडेन्सर माइक चरचरतात. उरतात ते मिरगाआधीचे थोडे दिवस, त्यातही निम्मे वादक आंब्याच्या कामात. पंखा बंद करून, घाम पुसत मुद्रण चालतं. रातकिडे आलेत, ते ठेवलेत. पडद्यावरही कोकणातली रात्रच आहे. फक्त प्रत्येक बैठकीत मिनिटभर रिकाम्या खोलीचा आवाज वेगळा घेतो, नाहीतर जोडकामात रातकिडे मध्येच गप्प होतात.

संगीतकार वसंत देसाई याच तालुक्यातल्या सोनवड्याचे, जन्म १९१२ चा. त्यांच्या काळी चित्रपटासाठी वाजवायचं तर स्टुडिओ असेल तिथे, कोल्हापूरला नाहीतर मुंबईला जावं लागे. आज लॅपटॉप आणि चार माइक घेऊन स्टुडिओ वादकाच्या पडवीत येतो. पण करारनामा अजून मुंबईचाच येतो, म्हणून हे सांगतो. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटगृहाबाहेर संगीत वापरलं तर संगीतकाराला रॉयल्टीचा समान वाटा मिळायला हवा, आणि तो हक्क त्याने निर्मात्याला लिहून दिला तरी जात नाही. सादर करणाऱ्या कलाकारालाही व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीचा हक्क आहे. तरीही वादकाला रोख पाकीट देऊन मोकळं होण्याची पद्धत आहे आणि श्रेयनामावलीत ‘पारंपरिक’ एवढंच. चाल पारंपरिक असेल, तो लांबवलेला मध्यम पारंपरिक नव्हता. दशावताराच्या ध्वनिमुद्रणाची मालकी आम्ही सगळ्यांनी मिळून ठेवलीय आणि वाटे कागदावर आहेत. चित्रपटात वादकांची नावं वाद्यांसह येणार आहेत, त्यासाठी मी माझ्या मानधनातलं थोडं सोडलं.

आता तो पडवीचा प्रसंग दोनदा दाखवतो. आधी क्लिकवर वाजवलेला, मग बुवांचा. प्रश्न त्यानंतर विचारा. मागचे दिवे जरा बंद करा कोणीतरी.