चित्र साठवायचंच कशाला?

हा स्क्रीन मागच्या रांगेपर्यंत फिरवा, नीट बघून घ्या सगळ्यांनी. आपल्या पुण्याच्या बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या आसपास शोधलात तर मिळतो असला. आडवे १२८ ठिपके, उभे ६४, आत एसएसडी१३०६ नावाची चिप. ठिपका एकतर पेटलेला नाहीतर विझलेला, म्हणजे ठिपक्याला एक बिट पुरतो, आणि सगळा हिशोब केला की पूर्ण स्क्रीनला १०२४ बाइट लागतात. काहीच नाही वाटतं ना? पण हा जो गेम चालवणारा अर्डुइनो उनो बोर्ड आहे, त्याची सगळी रॅमच, म्हणजे काम चालू असताना वापरायची स्मृती, २०४८ बाइट आहे, म्हणजे गेम सुरू व्हायच्या आधीच अर्धी रॅम चित्रात गेली, आणि उरलेल्या अर्ध्यात स्कोअर, खेळाडू, लायब्ररीचे बफर (तात्पुरत्या साठवणीच्या जागा), स्टॅक (फंक्शनच्या कामाची जागा) सगळ्यांनी दाटीवाटीने बसायचं.

माझा पहिला गेम इथेच अडकला होता. स्क्रीन काळा, काहीच येईना, आणि मी दोन रात्री वायरी बदलत बसलो, सोल्डर परत केलं. वायरिंग ठणठणीत होतं, रॅम संपली होती. चित्राच्या आकड्यांच्या यादीला, म्हणजे ॲरेला, नुसतं कॉन्स्ट (न बदलणारं) लिहून ते फ्लॅशमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम साठवायच्या कायमच्या स्मृतीत, राहत नाही, उनोच्या चिपवर प्रोगमेम हा शब्दही लावावा लागतो, नाहीतर सगळी कॉपी रॅममध्ये येते, हे मला तेव्हा कळलं. फ्लॅश ३२ केबी आहे हो, चित्रं तिथे ठेवायची!

पण मला आज खरं सांगायचंय ते याच्या पुढचं आहे. स्क्रीनचं पूर्ण चित्र रॅममध्ये ठेवायलाच पाहिजे असं कोणी सांगितलं? १९७७ च्या अटारी २६०० मध्ये रॅम होती १२८ बाइट, बाइट बरं का, केबी नाही. अख्खं चित्र मावणं शक्यच नव्हतं, म्हणून टीव्हीचा किरण ज्या ओळीवर आहे त्या ओळीपुरतं चित्र प्रोग्रॅम त्याच क्षणी तयार करायचा. मला हे आजही फार सुंदर वाटतं. मग १९८९ चा गेम बॉय, त्याने ८ बाय ८ च्या फरशा वापरल्या, स्क्रीनवर आडव्या २० आणि उभ्या १८, आणि कुठे कुठली फरशी एवढंच लक्षात ठेवायचं.

आपल्या स्क्रीनवर हे इतकं चपखल बसतं की काय सांगू. एसएसडी१३०६ मध्ये आठ आडव्या पट्ट्या असतात, पेज म्हणतात त्यांना, आणि प्रत्येक बाइट म्हणजे उभे आठ ठिपके. फरशीची उंचीही आठच! म्हणजे १६ बाय ८ फरशा, नकाशा १२८ बाइटचा, तोही फ्लॅशमध्ये, आणि बाइट पाठवायच्या क्षणी नकाशात बघायचं, फरशीतला कॉलम उचलायचा, पाठवून द्यायचा. चित्रासाठी बफर शून्य. वेगाचं मात्र बघा, बोर्ड स्क्रीनला बाइट पाठवतो ती दोन तारांची वाट, आयटूसी, १०० किलोहर्ट्झवर ठेवलंत तर सेकंदाला दहा-अकरा फ्रेमच्या वर जात नाही, ४०० केलंत की चाळीसच्या आसपास पोचता येतं.

आता चौकटीची वही काढा, शाळेतली गणिताची. आठ बाय आठमध्ये रिक्षा काढू. हुडाचा एक कॉलम घ्या, वरची एक चौकट रिकामी, खालच्या सात भरलेल्या. वरून मोजायचं हं, प्रत्येक चौकटीची किंमत दुप्पट, १, २, ४ असं १२८ पर्यंत. भरलेल्यांची बेरीज २५४. बिट उभे असतात हे विसरून आडवं मोजलंत तर रिक्षा आडवी पडते, बऱ्याच जणांचं पहिल्यांदा हेच होतं, तेव्हा वहीवर बाण काढून ठेवा.

आणि रिक्षा खड्ड्यात गेली तर? समजा तीन ठिपके खाली. आता ती दोन पट्ट्यांत विभागली गेली. वरच्या पट्टीसाठी २५४ चे बिट तीन घरं डावीकडे सरकवा आणि आठ बिटच ठेवा, २४० येतात. खालच्यासाठी पाच घरं उजवीकडे, ७ येतात. २४० म्हणजे खालच्या चार चौकटी, ७ म्हणजे वरच्या तीन, चार नि तीन सात, हुड शाबूत. पार्श्वभूमीच्या बाइटशी ऑर करा, म्हणजे दोन्हींपैकी एकात जरी ठिपका पेटलेला असेल तरी तो पेटलेला ठेवा, आणि पाठवा. हे बघा, बटण दाबतो, गेली खड्ड्यात... आणि आली वर.