पाइप गोल शे

(पडद्यावर: पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा. दोन हात त्याच्याभोवती कागद गुंडाळताहेत.)

कागदाची ही दोन टोकं एकमेकांना भिडायला हवी होती. भिडली नाहीत. मधे बोटभर फट उरली. फट कुठून आली ते नंतर सांगतो. आधी कागदावर हे चौकोन का काढलेत, ते बघू.

जळगावची एमआयडीसी. चटया, डाळमिल आणि पाइप. मे महिन्याची दुपार, पत्र्याच्या शेडमध्ये पंखा आहे, पण तो गरम हवाच इकडची तिकडे करतो. शेड आप्पांचं. आप्पा मूळचे पारोळ्याकडचे, बोलणं अहिराणी, सगळी हयात कटिंग-वेल्डिंगमध्ये गेली. कोपऱ्यात जुना कॉम्प्युटर, त्याच्यापुढे आयटीआय झालेला पोरगा. तो कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर वस्तूचं मापात चित्र उभं करणं, शिकतोय. गुरू दोनच: मोबाइलवरचे व्हिडिओ आणि पाठीमागून येणारा आप्पांचा आवाज.

काम यावलकडच्या एका केळीवाल्याचं. शेततळ्यातून पाणी ओढताना पाला आणि शेवाळ मोटारीच्या तोंडाशी अडकतं. म्हणून सक्शनच्या तोंडाला एक पाइप बसवायचा, त्याला अंगभर खिडक्या, आणि वरून बारीक जाळी गुंडाळायची. पाइपचा बाहेरचा व्यास 200 मिलिमीटर, भिंत 6 मिलिमीटर.

(पडद्यावर: कॉम्प्युटरवरचा करडा पाइप, माउसने फिरतोय.)

कॅडमध्ये पाइप उभा करायला वेळ लागत नाही. एकात एक दोन वर्तुळं काढली, मधला भाग उंच ओढला, झाला पाइप. खिडकी पाडताना मात्र पोरगा अडला. गोल अंगावर क्लिक करून चौकोन काढायला गेला, तर सॉफ्टवेअर दाद देईना. स्केचला सपाट जागा लागते, आणि पाइपवर सपाट असं काहीच नाही. मग त्याने पाइपच्या मधोमध जाणारं प्लेन, म्हणजे एक काल्पनिक सपाट पाटी, धरलं, त्यावर चौकोन काढला, कटमध्ये दोन्ही दिशांना ‘थ्रू ऑल’ निवडलं आणि ओके दाबलं.

खिडकी पडली. पाइप फिरवला, तर पलीकडच्या भिंतीतही पडलेली.

हसू नका. ही चूक केली नाही असा कॅडवाला मला अजून भेटलेला नाही, आणि त्यात मीही आलो. ‘थ्रू ऑल’ म्हटलं की वाटेत येईल ते सगळं कापलं जातं. समोर एक भिंत आहे की दोन, हे ते विचारत नाही. उपाय सोपा: प्लेन पाइपच्या बाहेर घ्यायचं, पाइपला एका रेषेत टेकणारं, आणि कट पुढच्या पृष्ठभागापर्यंतच न्यायचा. हे पोरग्याला पाच मिनिटांत जमलं. पुढच्या गोष्टीला दोन दिवस लागले.

(पडद्यावर: वहीचं पान. पेन्सिलने केलेला हिशोब.)

त्याचा हिशोब बघा. परीघ म्हणजे व्यास गुणिले पाय (π): 628.3. प्रत्येकी 100 मिलिमीटरच्या सहा खिडक्या म्हणजे 600. उरले 28.3. त्याचे सहा भाग केले की दोन खिडक्यांमधे 4.7 मिलिमीटरची पट्टी. पट्टी बारीक होती, पण मोकळी जागा जास्त म्हणजे पाणी जास्त, असं त्याचं म्हणणं. हिशोबात चूक नाही. मीही तपासला.

एक खिडकी काढली, ती पाइपच्या अक्षाभोवती 60-60 अंशांवर सहा वेळा फिरवली. पडद्यावर पाइपच राहिला नाही. वर एक कडं, खाली एक कडं, मधे काहीच नाही. सहाही पट्ट्या गायब.

पोरग्याने आधी कॉम्प्युटरला दोष दिला, मग सॉफ्टवेअरला. आप्पा मागून आले, चष्मा कपाळावर सरकवला, आणि म्हणाले,

“आरे भो, पाइप गोल शे, पाटी नही.” (अहिराणीत ‘शे’ म्हणजे आहे.)

(पडद्यावर: आप्पांच्या हातात सुतळी. पाइपच्या पाठीवर खडूच्या दोन खुणा.)

आप्पांनी पाइपच्या पाठीवर, तोंडाच्या कडेशी, दोन खुणा केल्या आणि पाइपच्या तोंडावरून त्यांच्यामधे पोलादी पट्टी सरळ धरली. बरोबर 100 मिलिमीटर. मग त्याच खुणांमधे सुतळी पाइपला चिकटवून ताणली, सोडवून पट्टीवर ठेवली. 104.7.

सगळी गोम इथे आहे. सपाट प्लेनवरचा चौकोन पाइपवर ढकलला, की त्याची सावली पडते. पाइपचं अंग मागे वळत जातं, म्हणून सावली अंगावर ताणली जाते. मधे कमी, कडेला जास्त. पाइपची त्रिज्या 100. सरळ रेषेत 100 मोजलं, तर पाइपच्या केंद्रापाशी नेमका 60 अंशांचा कोन होतो. अशा सहा खिडक्या म्हणजे 360. पट्टीला जागा उरणार कुठून? त्याने 90 किंवा 95 धरले असते, तर पट्ट्या नुसत्या बारीक झाल्या असत्या, आणि चूक कापून झाल्यावर शेततळ्यावर कळली असती. 100 धरले हे बरंच झालं म्हणायचं.

कडेचा ताण किती वाढतो बघा: याच पाइपवर 160 रुंदीचा चौकोन ढकलला, तर तो अंगावर 185 होतो. पाइपवर नाव कोरताना पहिलं आणि शेवटचं अक्षर फुगलेलं दिसतं, ते यामुळेच.

मग करायचं काय? ढकलायचं नाही, गुंडाळायचं. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये याला ‘रॅप’ म्हणतात, काहींमध्ये ही सोय ‘एम्बॉस’मध्ये असते. स्केच तेच, सपाटच, पण ते पाइपवर कागदासारखं चिकटवलं जातं आणि मग तेवढा भाग आत खोदला जातो. 100 चे 100 च राहतात. कोन होतो 57.3 अंश, आणि 4.7 ची पट्टी जिवंत राहते.

आता भिंतीचा प्रश्न, जो व्हिडिओवाले सहसा सोडून देतात. सरळ ढकललेल्या कटात खिडकीच्या दोन्ही कडा एकमेकींना समांतर असतात. गुंडाळलेल्या कटात त्या पाइपच्या केंद्राकडे वळलेल्या असतात, म्हणून बाहेर 100 असलेली खिडकी आतल्या अंगाला 94 भरते. यातलं बरोबर कुठलं? ते कापणाऱ्याला विचारायचं. पाइप पक्का धरून उभ्या मिलिंग कटरने खिडकी पाडणार असाल, तर कडा समांतरच येतील, मग चित्रही तसंच हवं. पाइप फिरवत फिरवत कापणार असाल, किंवा आप्पांसारखं कटर नेहमी केंद्राकडे रोखून हाताने कापणार असाल, तर गुंडाळलेलं चित्र खरं. मला विचाराल तर कॅड शिकणाऱ्याने निदान महिनाभर शेडमध्ये नुसतं उभं राहावं.

(पडद्यावर: चूल, तिच्यावर पालथं खापर. हातांवर मोठा होत जाणारा मांडा.)

हे दृश्य इथे चुकून आलेलं नाही. रॅप जमल्यावर पोरगा चेकाळला आणि घुमटावर नक्षी गुंडाळायला निघाला. काही केल्या बसेना. त्याचं उत्तर आपल्या घरात आहे. कागद पाइपवर एकही सुरकुती न पडता बसतो. शंकूवरही बसतो, पुड्या बांधणाऱ्याला विचारा. खापरावर मात्र त्याला चुण्या पडतात. मांडा का बसतो? कारण कणीक ताणली जाते. सपाट पत्रा न ताणता घुमटावर बसवता येत नाही, हे कार्ल फ्रीडरिश गाऊस या जर्मन गणितज्ञाच्या 1827 सालच्या सिद्धान्तातून निघतं. काही सॉफ्टवेअर घुमटावरही गुंडाळून देतात, पण तिथे माप कुठेतरी ताणलं जातं किंवा आक्रसतं. तिथे 100 चे 100 मागायचे नाहीत.

तर, फट.

पोरग्याने पाइपचं अंग उलगडून 628.3 लांबीचा सपाट फर्मा काढला आणि तीन कागदांवर छापला. कागद जोडून पाइपला गुंडाळला, तर तो कमी पडला. प्रिंटरच्या खिडकीत ‘फिट टू पेज’ वर टिचकी होती. कागदाच्या कडा सांभाळायला प्रिंटरने सगळं थोडं थोडं लहान केलं होतं. ‘ॲक्च्युअल साइज’ करून पुन्हा छापलं.

(पडद्यावर: पुन्हा तोच पाइप, तेच हात. कागदाची टोकं भिडतात.)

दरम्यान आप्पांनी सहा खिडक्यांच्या पाच केल्या आहेत. 4.7 ची पट्टी कागदावर टिकेल, तळ्यात नाही. आता खिडक्या 72 अंशांवर, आणि मधली प्रत्येक पट्टी 25 मिलिमीटरच्या वर. फर्म्यावरून खुणा पाइपवर उतरल्या. पोरगा रेषेच्या आतून कटर चालवतोय. पांढरा भुसा उडतोय, मग रेषेपर्यंत कानस.

पहिली खिडकी तयार. त्याने व्हर्नियरचे, म्हणजे सरळ रेषेत बारीक माप घेणाऱ्या साधनाचे, जबडे खिडकीच्या बाहेरच्या कडांना लावले आणि आकडा वाचला. 95.9. चेहरा पडला. चार मिलिमीटर कमी. दोन दिवस पाण्यात.

आप्पांनी मान वर केली नाही. हातातली सुतळी फक्त त्याच्याकडे टाकली.

“आते मोज.”

(पडद्यावर: खिडकीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, पाइपच्या गोलाईवरून फिरलेली सुतळी. मग पट्टीवर ठेवलेली तीच सुतळी. अंगठ्याचं नख 100 वर.)