रिपोर्टवरचा दुसरा ठिपका

नमस्कार श्रोतेहो. एचआयव्ही म्हटलं की आपण बोलतो ते बहुतेक वेळा एचआयव्ही-१ विषयी, कारण भारतातली बहुसंख्य लागण त्याचीच आहे. एचआयव्ही-२ हा वेगळा विषाणू आहे. तो कमी आढळतो, पण आपल्या गोव्यात तरी त्याची नीट ओळख असायला हवी.

हा विषाणू पश्चिम आफ्रिकेतल्या सूटी मँगाबे जातीच्या माकडांमधून माणसात आला. १९८६ मध्ये फ्रेंच आणि पोर्तुगीज संशोधकांना तो पश्चिम आफ्रिकेतून लिस्बनला उपचारासाठी आलेल्या रुग्णांच्या रक्तात सापडला. गिनी-बिसावमध्ये १९६३ ते १९७४ या काळात स्वातंत्र्ययुद्ध चाललं. त्या धामधुमीत तो फैलावला असावा, असं अभ्यासक मानतात. पुढे पोर्तुगाल, अंगोला, मोझांबिक, ब्राझील अशा पोर्तुगीज संबंधांच्या देशांत तो दिसत गेला. भारतातल्या पहिल्या नोंदी १९९१ च्या आसपास मुंबईतल्या आहेत. १९६१ पर्यंत गोवाही त्याच साखळीत होता, म्हणून गोव्याचं नाव या चर्चेत येतं. पण म्हणून कुणी शेजाऱ्याकडे बोट दाखवू नये. गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीच्या पलीकडे कधी पाऊल न टाकलेल्या माणसालाही ही लागण होऊ शकते. असुरक्षित संबंध, दूषित सुई आणि रक्त, आईकडून बाळाला, हे मार्ग दोन्ही प्रकारांत सारखेच आहेत.

फरक आहे तो वेगाचा. एचआयव्ही-२ रक्तात कमी प्रमाणात असतो, त्यामुळे आजार सावकाश वाढतो. काही बाधित माणसं औषधांशिवायही वर्षानुवर्षं ठणठणीत दिसतात. मात्र सीडी-४ पेशींची, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची, संख्या एकदा खाली आली की क्षयरोग आणि इतर संसर्ग एचआयव्ही-१ सारखेच गाठतात.

आता चाचणीकडे येऊ, कारण गोंधळ इथेच होतो. काही रॅपिड किटांवर तीन ठिपके उमटू शकतात: एक कंट्रोलचा, एक एचआयव्ही-१ चा, एक एचआयव्ही-२ चा. कंट्रोलचा ठिपका आला नाही तर ती चाचणी बाद, नवीन किट घ्यायचं. किटवर दिलेल्या वेळेतच वाचायचं, वाळलेल्या पट्टीवर उशिरा आलेल्या पुसट खुणेला अर्थ नसतो. पण वेळेत वाचूनही एक गडद आणि त्याच्या शेजारी एक फिकट ठिपका दिसला, तर? दोन्ही विषाणूंची लागण झाली, असं लगेच म्हणू नका. हे विषाणू एकमेकांच्या इतके जवळचे आहेत की एचआयव्ही-१ च्या प्रतिपिंडांचं, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीरानं बनवलेल्या प्रथिनांचं, प्रमाण जास्त असलं की ती दुसऱ्या ठिपक्यालाही चिकटतात. अशा वेळी नमुना एआरटी केंद्रामार्फत, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रामार्फत, संदर्भ प्रयोगशाळेत जातो. तिथे वेस्टर्न ब्लॉट या प्रतिपिंड चाचणीवर एचआयव्ही-२ चे खास प्रथिनपट्टे तपासतात, गरज पडल्यास विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी पीसीआर चाचणी करतात. तिथला निकाल येईपर्यंत टाइप ठरलेला नाही, हे रुग्णाला समुपदेशकानं स्पष्ट सांगावं.

टाइप ठरवायला एवढी धडपड कशाला? औषधांसाठी. नेविरापिन आणि इफाविरेन्झ या गोळ्या एचआयव्ही-२ वर मुळात चालतच नाहीत. सध्या सरकारी केंद्रांत मिळणारी टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर यांची एकत्र गोळी चालते, ही मोठीच सोय झाली. दुसरा धोका व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तातले विषाणू मोजणाऱ्या चाचणीचा. नेहमीची चाचणी एचआयव्ही-१ चेच विषाणू मोजते. एचआयव्ही-२ च्या रुग्णाचा रिपोर्ट ‘आढळला नाही’ असा येतो, आणि रुग्ण निश्चिंत होऊन गोळ्या सोडतो. तेव्हा अशा रुग्णाच्या सीडी-४ वर आणि तब्येतीवर लक्ष ठेवावं लागतं.

गरोदर बाईच्या बाबतीत तर टाइप आधी कळायलाच हवा. एचआयव्ही-१ मध्ये उपचार नसतील तर बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं, एचआयव्ही-२ मध्ये ते साधारण ४ टक्क्यांच्या आत. पण बाळाला नेविरापिनचं सिरप देऊन इथे उपयोग नाही, झिडोव्ह्युडिन द्यावं लागतं. सहा आठवड्यांनी टाचेतून थेंब घेऊन होणारी नेहमीची पीसीआर चाचणीही एचआयव्ही-१ साठीच आहे. ती निगेटिव्ह आली म्हणून बाळाची फाइल बंद करू नका. अठरा महिने पूर्ण झाल्यावर बाळाची प्रतिपिंड चाचणी करून घ्या, आणि आईच्या कार्डावरचा ‘एचआयव्ही-२’ हा शेरा त्या दिवशी सोबत न्या.