सेडरबर्गचे रूइबोस

दक्षिण आफ्रिकेत केप टाउनच्या उत्तरेला सेडरबर्गची डोंगररांग आहे. येथील माती वालुकामय, आम्लधर्मी आणि निकस. पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. रूइबोस, म्हणजे ‘लाल झुडूप’, हे रानटी झुडूप निसर्गतः याच टापूत आणि आसपास उगवते; त्याच्या पाल्याचे चहासारखे पेय करतात. ते तूर-हरभऱ्याच्या कुळातले आहे. पाने सुईसारखी बारीक, फुले लहान व पिवळी. हिरव्या पानांत लाल रंगाचा मागमूसही नसतो.

तो रंग मेहनतीने आणावा लागतो. डोंगरातील लोक कोवळ्या फांद्या विळ्याने कापत, मोळ्या गाढवांवर लादून खाली आणत, कुऱ्हाडीने त्यांचे बारीक तुकडे करून लाकडी मोगरीने चेचत आणि त्यांचा ओलसर ढीग रचून ठेवत. चेचलेल्या पानांतील द्रव्यांचा हवेशी संयोग होतो, ढीग आतून तापतो, हिरवा पाला विटकरी होतो आणि त्याला मधासारखा गोडसर वास सुटतो. मग तो उन्हात वाळवायचा. या पेयात कॅफिन नसते आणि टॅनिन हे तुरट द्रव्यही कमी असते, त्यामुळे चुलीवर कितीही वेळ उकळले तरी ते चहासारखे कडवट होत नाही. तान्ह्या मुलांच्या पोटदुखीवरही ते देतात. मात्र तो घरगुती अनुभव आहे, सिद्ध झालेले औषध नव्हे.

1904 मध्ये बेंजामिन गिन्सबर्ग या व्यापाऱ्याने हा पाला बाजारात आणला. लागवडीची अडचण बियांची होती. पिकलेली शेंग तडकून बी वाळूत उडते, आणि टणक कवचामुळे ते सहज रुजत नाही. 1930च्या दशकात क्लॅनविल्यमचे डॉक्टर नॉर्टिये यांनी त्यावर मार्ग काढला. बियांचा मोठा साठा खोई या तिथल्या मूळ रहिवासी समाजातल्या एका स्त्रीला मुंग्यांच्या वारुळात सापडला, असे सांगतात. डॉक्टरांचे नाव नोंदले गेले, त्या स्त्रीचे नाही.

खोई आणि सान या मूळ रहिवासी समाजांच्या पारंपरिक ज्ञानाचा औपचारिक स्वीकार 2019च्या करारात झाला. त्यानुसार शेतावरच्या खरेदी-किमतीच्या दीड टक्का रक्कम या समाजांसाठी काढली जाते. व्यापार सुरू होऊन तेव्हा शंभराहून अधिक वर्षे लोटली होती. रानातली तोडणी आजही थोड्या प्रमाणावर होते. लागवडीतली झाडे काही वर्षांतच थकतात आणि उपटून नवी लावावी लागतात; रानटी रूइबोसचे काही प्रकार मात्र वणव्यात जळाल्यावरही बुंध्यापासून पुन्हा फुटतात, म्हणून जाणते तोडणारे बुंधा राखूनच विळा चालवतात.