फेरी लागेपर्यंत

(दृश्य: रायबंदरचा धक्का, संध्याकाळ. फेरीबोटीवर गाड्या चढतायत.)

रायबंदरहून चोडणला जायला फेरीला असा कितीसा वेळ लागतो? पण मांडवी ओलांडेपर्यंत या माणसाचा डोळा लागला. फेरी लागली, पुढच्या गाड्या उतरल्या, मागचे हॉर्न वाजवतायत आणि हा स्टिअरिंगवर मान टाकून गाढ. कुणीतरी काचेवर टकटक करतं. "अहो, चोडण आलं!" सगळे हसतात. तोही हसतो.

गोव्यात झोपाळू माणूस सहज खपून जातो. दुपारी हुमण-भात जेवून आडवं होणं हा इथे हक्कच. सुशेगाद, म्हणजे निवांत, म्हटलं की विषय संपला. पण वामकुक्षी आपण ठरवून घेतो. याने काहीच ठरवलं नव्हतं.

मेलबर्नचे डॉ. मरे जॉन्स यांनी 1991 मध्ये झोपाळूपणा मोजणारी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली, एपवर्थ स्केल. आठ प्रसंग, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. दुपारी आडवं झाल्यावर झोप लागते का? इथे गोंयकार तीनपैकी तीन घेणार, त्यात काळजीचं काही नाही. नाटकाला बसल्यावर? जत्रेतलं नाटक पहाटेपर्यंत चालतं, तेव्हा तेही एक वेळ सोडून देऊ. पण कुणाशी बोलता बोलता? रहदारीत गाडी दोन मिनिटं थांबली तर? बेरीज दहाच्या वर गेली की डॉक्टरांना गाठावं.

(दृश्य: रात्र. झोपायची खोली, फिरणारा पंखा.)

त्याच्या झोपेची साक्षीदार त्याची बायको. "ह्यांच्या घोरण्याची मला सवय झालीय हो. घोरणं थांबतं ना, तेव्हा जाग येते."

आवाज चढत जातो आणि एकदम तुटतो. छाती हलते, पण हवा आत जात नाही. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून वाटच बुजलेली असते. बायको मनात आकडे मोजते. दहा, पंधरा, वीस. मग एक मोठा आचका, आणि पुन्हा घोरणं. हा स्लीप ॲप्निया. श्वास दहा सेकंद किंवा जास्त अडला की तो प्रसंग मोजतात. तासाला पाचपासून आजार धरतात, तीसपासून पुढे तीव्र. दर वेळी मेंदू त्याला क्षणभर जागवतो, सकाळी मात्र त्याला काही आठवत नाही. तोंड कोरडं, डोकं जड, रात्री दोनदा लघवीला उठणं, गोळ्या घेऊनही न उतरणारा रक्तदाब, हे सगळं तो वयाच्या खाती टाकतो. वर म्हणतो, एक पेग घेतला की छान झोप लागते. दारूने तोच घसा आणखी सैल होतो.

पलीकडे त्याची आई जागीच आहे. "मुंग्या नव्हेत रे, पायांत आत कायतरी वळवळतं." पडलं की सुरू, चार पावलं चाललं की बरं. म्हणून ती रात्री सोप्यावर येरझारा घालते. घरच्यांनी वात म्हणून तेल चोळलं. स्वीडनचे डॉ. एकबोम यांनी 1945 मध्ये अस्वस्थ पायांच्या याच दुखण्याचं सविस्तर वर्णन केलं होतं. पुष्कळदा मुळाशी लोहाची कमतरता असते, तेव्हा हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठाही तपासावा.

आणि नुसती झोप न येणं? एखादी रात्र तळमळत गेली म्हणून घाबरू नका. आठवड्यात तीन रात्री, असे तीन महिने गेले तर तो जुनाट निद्रानाश. मनाने झोपेची गोळी घेऊ नये, घोरणाऱ्याने तर नाहीच.

(दृश्य: दवाखाना.)

डॉक्टर विचारतात, "झोप कशी लागते?"

"एकदम मस्त."

बायको पर्समधून मोबाइल काढते. आदल्या रात्रीचा व्हिडिओ. घोरणं चढतं, तुटतं. डॉक्टर घड्याळाकडे बघतायत. व्हिडिओ अडकला असं वाटून तो स्क्रीनला बोट लावायला जातो.

पंख्याचा आवाज मात्र चालूच आहे.