येणं खरं, पण कोर्टाचं दार बंद

मंडळी, मघाशी चहाच्या वेळी एकाने विचारलं की माझी कंपनी डेलावेअर राज्यात काढलेली, काम सगळं इथे कॅलिफोर्नियात, गिऱ्हाइकाने पैसे थकवलेत तर दावा लावता येईल ना? येईल की. पण आधी सांगा, इथली नोंदणी चालू आहे का? ते गप्प झाले. म्हणून आज बाकीचं बाजूला ठेवून यावरच बोलतो, कारण हक्काचे पैसे एका न भरलेल्या फॉर्मपायी जाताना मी पाह्यलेत आणि ते बघवत नाही.

आधी एक शब्द नीट समजून घेऊ. अमेरिकेत 'फॉरेन कॉर्पोरेशन' म्हणजे बहुतेक वेळा परदेशातली कंपनी नाही, तर दुसऱ्या राज्यात काढलेली कंपनी. आपल्याला हे पटकन पचत नाही कारण पुण्यात काढलेली कंपनी सुरतेत ऑफिस उघडते, जीएसटीचा नंबर तिथला वेगळा घेते, पण कंपनी म्हणून तिला गुजरातेत कुणी परकी म्हणत नाही. इथे मात्र कंपनी राज्याच्या कायद्याने जन्माला येते, आणि 1869 मध्ये पॉल विरुद्ध व्हर्जिनिया या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की बाहेरच्या राज्याच्या कंपनीला आत घेताना राज्य अटी घालू शकतं. त्या अटी म्हणजे नोंदणी करा, नोटीस घ्यायला एजंट नेमा, टॅक्स भरा. नाही केलंत तर धंद्याची भांडणं घेऊन आमच्या कोर्टात यायचं नाही. मग काहीजण म्हणतात, फेडरल म्हणजे केंद्राच्या कोर्टात जाऊ. तर तेही 1949 सालीच बंद झालंय, वुड्स विरुद्ध इंटरस्टेट रिअल्टी. राज्याच्या कोर्टाचं दार बंद असेल तर निव्वळ दोन पार्ट्या दोन राज्यांतल्या आहेत एवढ्यावर फेडरल कोर्टाचंही उघडत नाही.

याला एक मोठा अपवाद आहे आणि तो मला फार आवडतो, कारण त्यात कापूस आहे. टेनेसी राज्यातल्या मेम्फिसच्या ॲलनबर्ग कॉटन कंपनीने मिसिसिपीतल्या पिटमन नावाच्या शेतकऱ्याकडून पुढच्या हंगामाचा कापूस आधीच बोलून ठेवला होता, त्याने तो दिला नाही, कंपनीने दावा लावला, तर मिसिसिपीचं कोर्ट म्हणालं तुमची इथे नोंदणीच नाही, चला. 1974 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते फिरवलं. कापूस मिसिसिपीच्याच गोदामात उतरणार होता हे खरं, पण तिथून तो राज्याबाहेर जाणाराच होता, म्हणजे हा आंतरराज्य व्यापार, आणि त्यावर राज्याला असं दार लावता येत नाही. तेव्हा तुम्ही नुसता बाहेरून माल पाठवत असाल तर सहसा चिंता नाही, पण इथे ऑफिस, इथे माणसं, इथलीच गिऱ्हाइकं असतील तर हा अपवाद तुमच्या कामाचा नाही.

आता खरी गोम. लोकांना वाटतं नोंदणी कधीच न केलेला जास्त अडकतो आणि करून नंतर चुकलेला कमी. कॅलिफोर्नियात उलटंच होऊ शकतं. कधीच नोंदणी न केलेल्या कंपनीला केस चालू असतानाही नोंदणी करता येते, फी, मागचा टॅक्स आणि 250 डॉलर दंड भरायचा, केस पुढे चालते, आणि मधल्या काळात दाव्याची मुदत संपली तरी आधी लावलेला दावा साधारणपणे टिकतो. पण ज्याने नोंदणी केली आणि मग वर्षाचा किमान 800 डॉलरचा फ्रँचाइज टॅक्स, म्हणजे इथे धंदा करू देण्याबद्दलचा राज्याचा कर, भरायचा राहिला, आणि राज्याच्या टॅक्स बोर्डाने त्याचे अधिकार काढून घेतले, तो दावा लावू शकत नाही आणि त्याच्यावर कुणी लावला तर उत्तरही देऊ शकत नाही. टॅक्स भरून अधिकार परत मिळवता येतात, त्याला रिव्हायव्हर म्हणतात, पण दाव्याच्या मुदतीचं घड्याळ तोवर थांबलेलं नसतं.

माझ्याच एका क्लायंटचं सांगतो. ऑफिस बदललं, एजंटला नवा पत्ता कळवला नाही, टॅक्सच्या नोटिसा जुन्या पत्त्यावर जात राहिल्या. गिऱ्हाइकाने पैसे थकवले तेव्हा ह्यांनी दावा लावला, समोरच्या वकिलाने सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणारं राज्याचं खातं, त्याच्या साइटवर कंपनीचं नाव टाकलं आणि तिथे नावापुढे अधिकार गेल्याचं लिहिलेलं, त्या पानाची प्रिंट सरळ कोर्टात. आम्ही धावपळ करून रिव्हायव्हर आणला. सही केलेल्या कराराच्या बिलांचे पैसे वाचले कारण लेखी कराराला इथे चार वर्षं मिळतात. पण मधे फोनवर ठरवून केलेलं जादा काम होतं, तोंडी कराराला दोनच वर्षं, ती रिव्हायव्हर यायच्या आधीच संपली होती. दावा वेळेत लावला होता हो, पण लावला तेव्हा लावायचा अधिकारच नव्हता. काम केलेलं, समोरच्याने ते वापरलेलं, ईमेलमध्ये आभारसुद्धा मानलेले, आणि पैसे गेले ते गेलेच. मला हे आजही अन्यायाचं वाटतं.

मागून प्रश्न आलाय, भारतात काय? तिथे राज्याराज्यांत हा प्रश्नच नाही, पण खऱ्या परदेशी कंपनीला आहे. 2013 च्या कंपनी कायद्याचं 393 कलम म्हणतं की नोंदणीच्या अटी पाळल्या नाहीत तरी करार पक्का राहतो, तुमच्यावर दावा लागू शकतो, पण पूर्तता करेपर्यंत तुम्हाला लावता येत नाही. तुमच्यापैकी ज्यांनी इथल्या कंपनीच्या नावाने पुण्यात शाखा काढलीय त्यांनी तेही तपासा.

आणि समजा उद्या तुमच्याच केसमध्ये समोरच्याने अधिकार गेल्याचा हा मुद्दा काढला, तर पहिली गोष्ट, तो त्याने उशिरा काढलाय का ते बघा, कारण सुरुवातीलाच नाही काढला तर हा मुद्दा त्याच्या हातून जाऊ शकतो. दुसरी गोष्ट, कोर्टाकडे पुढची तारीख मागा, रिव्हायव्हर आणायला थोडा वेळ द्या म्हटलं तर इथले जज बऱ्याचदा देतात. आणि त्याच दुपारी टॅक्स बोर्डाला फोन लावा.