संमतीची खोली

(दृश्य: ओपीडीसमोरची रांग, त्यानंतर तिसऱ्या मजल्यावरील खोली.)

नवी मुंबईतील एका विद्यापीठाच्या वैद्यकीय संशोधन केंद्रात सकाळपासूनच दिघा, तुर्भे, उरण आणि पनवेल परिसरातील रुग्ण केसपेपरासाठी रांग लावतात. त्यांपैकी मोजक्यांनाच डॉक्टर तिसऱ्या मजल्यावर पाठवतात. तिथल्या छोट्या खोलीत एक टेबल, चार खुर्च्या आणि तिवईवर बसवलेला कॅमेरा एवढेच सामान आहे. नव्या औषधाची चाचणी प्रत्येक रुग्णापुरती याच खोलीत सुरू होते. औषध त्याच्या हाती पडते ते बरेच नंतर.

समोर बसलेले गृहस्थ तुर्भ्याच्या घाऊक बाजारात माथाडी कामगार होते. नेहमीच्या गोळ्यांनी त्यांची साखर आटोक्यात येत नसल्यामुळे मधुमेहावरील एका नव्या औषधाच्या चाचणीसाठी ते पात्र ठरतील, असे डॉक्टरांना वाटते. त्यांना वाचता येत नाही. अशा वेळी चाचणीशी काहीही संबंध नसलेला साक्षीदार सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर असावा लागतो, म्हणून तिसऱ्या खुर्चीवर एक निवृत्त शिक्षिका बसल्या आहेत. चाचणीचे माहितीपत्रक वाचून दाखवताना कोऑर्डिनेटर, म्हणजे चाचणीचे रोजचे काम पाहणाऱ्या ताई, प्रत्येक परिच्छेदानंतर थांबतात.

“काका, काही जणांना नवी गोळी मिळेल आणि काही जणांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. तुम्हाला कोणती मिळाली ते तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही नाही. तुमच्या जुन्या गोळ्या मात्र चालूच राहतील.”

“आणि मधेच सोडलं तर इथला इलाज बंद करणार का, ताई?”

या प्रश्नाचे उत्तर माहितीपत्रकात छापलेले आहे. कारण न देता केव्हाही बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारांत काहीही फरक पडत नाही. तरीही कोऑर्डिनेटर ते नुसते वाचून पुढे जात नाहीत. काय समजले ते काकांनी स्वतःच्या शब्दांत सांगावे, असा त्यांचा आग्रह असतो. “म्हणजे नको वाटलं तर मी कधीपण मोकळा,” असे काका म्हणतात. त्या दिवशी अंगठा घेतला जात नाही. माहितीपत्रक घरी नेऊन सुनेकडून पुन्हा वाचून घ्या, असे सांगून त्यांना पाठवले जाते. पुढच्या भेटीत काकांचा अंगठा उमटतो, साक्षीदार स्वतःच्या हाताने सही करून तारीख घालतात आणि संमतीपत्राची एक प्रत काकांच्या पिशवीत जाते.

या खोलीतील कॅमेऱ्यामागे मोठा इतिहास आहे. रुग्णांना पुरेशी कल्पना न देता चाचण्या घेतल्या जातात, अशी तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २०१३ मध्ये संमतीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण बंधनकारक झाले. २०१५ मध्ये ही अट शिथिल करून ती नव्या रेणूच्या, म्हणजे पूर्वी औषध म्हणून न वापरलेल्या रासायनिक घटकाच्या चाचण्यांपुरती आणि त्यांतही गरीब, बेरोजगार किंवा असाध्य आजाराच्या रुग्णांसारख्या दुर्बल गटांपुरती ठेवण्यात आली. ‘नवीन औषधे आणि वैद्यकीय चाचण्या नियम, २०१९’ मध्येही तीच तरतूद कायम आहे. ही खोली पाहिल्यानंतर कॅमेरा सर्वांसाठीच असावा, असे आम्हाला वाटते.

चाचणीला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीच्या सभेत आम्हाला प्रवेश नव्हता. त्यामुळे पडद्यावर दिसत आहेत त्या फक्त तिच्या फायली. समितीत किमान ७ सदस्य असतात, त्यांपैकी निम्मे तरी संस्थेबाहेरचे असावे लागतात आणि एक सदस्य कायद्याचा जाणकार, तर एक सर्वसामान्य नागरिक असतो.

(दृश्य: औषध भांडार.)

भांडारातील प्रत्येक डब्यावर औषधाच्या नावाऐवजी केवळ क्रमांक आहे. फ्रिजमधील तापमान २ ते ८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहते की नाही, याची नोंद रोज होते. रुग्णांनी परत आणलेल्या रिकाम्या पट्ट्या आणि उरलेल्या गोळ्याही मोजल्या जातात. नोंदवहीत व्हाइटनरला मज्जाव आहे. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारायची, मूळ आकडा वाचता आला पाहिजे आणि शेजारी सही व तारीख हवी. जे लिहिले नाही ते घडलेच नाही, असे इथले कर्मचारी बोलता बोलता सांगतात, तेव्हा त्यांत थोडा वैतागही असतो.

अशा चाचण्या या शहराला नव्या नाहीत. कार-टी पेशी उपचारात रुग्णाच्याच प्रतिकारपेशींत बदल करून त्यांना कर्करोगाशी लढायला लावतात. भारतात विकसित झालेल्या अशा पहिल्या उपचाराच्या सुरुवातीच्या चाचण्यांमध्ये खारघरच्या ॲक्ट्रेकचा, म्हणजे टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्राचा, सहभाग होता आणि त्या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली.

चाचणीदरम्यान गंभीर त्रास झाल्यास प्रमुख संशोधकाला २४ तासांच्या आत औषध नियंत्रक, प्रायोजक कंपनी आणि नैतिकता समितीला कळवावे लागते. रुग्णावर मोफत उपचार होतात आणि त्रास चाचणीमुळेच झाल्याचे ठरल्यास भरपाईही मिळते. नवी गोळी बाजारात येणार की नाही, हे मात्र या केंद्रात ठरत नाही. सर्व केंद्रांची आकडेवारी एकत्र आल्यावर तो निर्णय केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना घेईल.